हरल्यावर मुलगी कॅमेऱ्यासमोर बोलली, आता पुढे काय?

खेळाडू हरतो, रडतो, आणि रडता रडता पैशांबद्दल बोलून जातो. या वेळची बरीच पत्रं इथेच येऊन थांबतात. त्यातली पाच निवडली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं छापलेली नाहीत. उत्तरं आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत: तिरंदाजी आणि कुस्तीचे प्रशिक्षक, क्रीडा मानसतज्ज्ञ आणि क्रीडा संस्थांचे हिशेब पाहणारे लेखापाल.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याची) तिरंदाज. निवड चाचणीत पाच-पाच अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफच्या एका बाणावर ती हरली. मैदानाबाहेर येताच स्थानिक वाहिनीच्या माणसानं माईक पुढे केला. ती रडत म्हणाली, ‘दोन वर्षं तेच बाण मारतेय. एक रुपया कुणी दिला नाही. पदक कुठून आणू?’ ती क्लिप सगळीकडे फिरली. संघटनेतून फोन आला, की माफी मागायला सांगा, नाहीतर पुढे अवघड जाईल. अकरा दिवस झाले, तिनं धनुष्याला हात लावलेला नाही. तिचं चुकलं का?
(एक आई, अमरावती जिल्हा)

उत्तर : ताई, रडण्यात तिचं काहीही चुकलेलं नाही. बोलण्यात चुकलं की नाही, हे तिच्या तीन वाक्यांतलं कुठलं वाक्य खरं आहे त्यावर ठरेल. त्याकडे नंतर येऊ. आधी मुलगी.

शूट-ऑफ फार निर्दय असतो. ७० मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटरचं. पाच सेट, म्हणजे पंधरा बाण खेळून बरोबरी झाली की दोघींनी एकेक बाण मारायचा, आणि मध्याच्या जवळ जिचा बाण ती जिंकली. शरीर अजून सामन्यातच असतं, छातीतली धडधड उतरलेली नसते, आणि तेवढ्यात माईक येतो. अशा वेळी माणूस शब्द निवडत बसत नाही, आत साठलेलं असतं तेच बाहेर पडतं. म्हणून पुढच्या स्पर्धेपासून एक काम कुणातरी मोठ्या माणसाकडे नेमून द्या: सामना संपल्यावर निदान अर्धा तास तिच्या आणि माईकच्या मधे उभं राहायचं. ‘ती नंतर बोलेल’ एवढंच सांगायचं.

पहिले दोन दिवस पाणी, पोटभर जेवण आणि झोप, एवढंच बघायचं असतं. ‘काय चुकलं?’ हा प्रश्न ४८ तास कुणीही विचारायचा नाही. घरच्यांची चूक बहुतेक मायेपोटीच होते. ‘जाऊ दे, त्यात काय एवढं’ असं म्हटलं, की मुलीला वाटतं, आपण दोन वर्षं काय केलं ते यांना कळलंच नाही. ‘फार जवळ होतीस, वाईट झालं’ एवढं पुरतं. नंतर शेजारी गप्प बसलेलं चालतं.

तुमच्याकडे हे दिवस सरले आहेत. आता पहिलं काम बाण तपासण्याचं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण एका बाणावर सामना गेला की सगळे मनाला दोष देतात आणि त्या बाणाकडे कुणी बघत नाही. शूट-ऑफचा बाण कितव्या क्रमांकाचा होता ते तिला विचारा. तिरंदाजाला ते आठवतं. तो आणि बाकीचे सगळे बाण दोन्ही टोकांना धरून हलके वाकवायचे, फिरवत फिरवत. कुरकुर ऐकू आली किंवा बोटाला चीर लागली, तर तो बाण तिथेच मोडून टाकायचा. तडा गेलेला कार्बन बाण सोडताना फुटतो आणि हातात घुसतो. नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेच्या, बाजूला दुसरा बाण आदळून केसाएवढी चीर पडते, ती नजरेला दिसत नाही. पुढचं टोक चिकटवलेलं असतं, ते सैल झालंय का बघा. पिसांच्या जागी लावलेल्या प्लास्टिकच्या वेन एका बाजूनं उचलल्या आहेत का, तेही बघा. पुढे ती सराव करू लागली, की सहा फेऱ्या प्रत्येक बाणाचा क्रमांक टिपून कुठे लागला त्याची खूण करायची. जो बाण सहापैकी चार वेळा एकाच बाजूला पळतो, तो स्पर्धेच्या संचातून काढायचा.

‘दोन वर्षं तेच बाण’ हे वाक्य म्हणूनच नुसती रड समजू नका, ती तांत्रिक तक्रारही असू शकते. सतरा ते एकोणीस या वयात खेचण्याची लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरनं वाढू शकते, लिंबचा (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांचा) ताणही वाढवला जातो. मग जुना बाण त्या धनुष्याला मऊ पडतो आणि सोडताना जास्त वाकतो. तिची सोडण्याची पद्धत निर्दोष असली, तरी बाण डावी-उजवीकडे जाणार. हे निघालं तर मुलीच्या मनावरचं मोठं ओझं उतरेल.

दुसरं काम कागदावरचं, आणि ते तिनंच करायचं. एका पानावर तीन रकाने. पहिल्यात माझ्या हातात होतं ते: श्वास, वेळ, वारा वाचणं, क्लिकरची (पूर्ण खेचल्यावर टिक वाजवणाऱ्या धातूच्या पट्टीची) घाई. दुसऱ्यात कुणाच्याच हातात नव्हतं ते: ऐन वेळी आलेली झुळूक, समोरचीनं मारलेला दहा. तिसऱ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं ते: बाणांचा संच, शिबिराचा खर्च, प्रवास. पराभव पहिल्या दोन रकान्यांत शोधायचा आणि पैशांची तक्रार तिसऱ्यात ठेवायची. त्या दिवशी माईकसमोर तिन्ही रकाने एकदम बोलले गेले. ऐकणाऱ्याला मग वाटतं, ही हरली म्हणून पैशाचं रडगाणं गातेय. तिला स्वतःलाही रात्री तसंच वाटू लागतं, आणि मुली आतून मोडतात त्या इथे. पैसा कमी होता हे खरं असू शकतं आणि त्या एका बाणाला ती घाई करून बसली हेही खरं असू शकतं. एकानं दुसरं खोटं ठरत नाही.

तिसरं, धनुष्य. थेट ७० मीटरवर उभी करू नका. मोठ्या पराभवानंतर कित्येक तिरंदाज क्लिकरपाशी अडकतात. एकतर टिक होण्याआधीच बोटं सुटतात, नाहीतर टिक होईपर्यंत खेचताच येत नाही. हा भित्रेपणा नव्हे. सोनेरी वर्तुळ दिसलं की हात आपोआप घाई करतो, अशी सवय शरीराला लागलेली असते. तिच्यावर उपाय म्हणजे वर्तुळच नजरेआड करणं. लक्ष्याचा कागद काढून टाकायचा, तीन ते पाच मीटरवर बाण अडवणारा नुसता गठ्ठा ठेवायचा, आणि रोज ६० ते ८० बाण, त्यातले निम्मे डोळे मिटून. गुण मोजायचे नाहीत. सात ते दहा दिवसांनी १८ मीटरवर मोठा कागद, मग ३०, ५०, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ७०. एक पायरी जमली नाही तर मागच्या पायरीवर तीन दिवस परत. बहुतेक लोक इथे घाई करतात, चौथ्याच दिवशी ‘जरा सत्तरवर बघू’ म्हणतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

आणि यावर नजर ठेवा: झोप, भूक, मैत्रिणींशी बोलणं. दोन आठवड्यांनंतरही तिन्ही बिघडलेली असतील, तर क्रीडा मानसतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०२१ मध्ये खेळाडूंसाठी तपासणीची एक पद्धत ठरवून दिली आहे. तिची सुरुवात दहा प्रश्नांच्या एका पानानं होते. मागच्या चार आठवड्यांबद्दलचे प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज १७ किंवा त्याहून जास्त आली की पुढची तपासणी. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. ‘जगून काय उपयोग’ अशा अर्थाचं एक वाक्य जरी तिच्या तोंडून आलं, तर दोन आठवडे थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी दूरध्वनी चोवीस तास चालू असतो. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्या दिवसांत तिला एकटं ठेवू नका.

आता संघटनेचा फोन. खरं बोलल्याबद्दल माफी मागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण ‘एक रुपया कुणी दिला नाही’ हे अक्षरशः खरं आहे का, ते तपासा. राष्ट्रीय स्पर्धेचं रेल्वे भाडं, गणवेश, शिबिरातलं जेवण यांतलं काही मिळालं असेल, तर तेवढं वाक्य दुरुस्त करायला हवं. पत्र तिच्या सहीचं असावं आणि अर्ध्या पानाहून मोठं नसावं. त्यात तीनच गोष्टी: ‘अमुक तारखेला सामन्यानंतर मी भावनेच्या भरात बोलले, त्यातलं अमुक विधान अचूक नव्हतं, मला संघटनेकडून अमुक मदत मिळाली आहे. बाणांचा संच दोन वर्षांत बदललेला नाही हे मात्र खरं आहे. त्यासाठी मी अमुक रकमेची मागणी सोबतच्या अर्जात करत आहे.’ आवक क्रमांक घेतल्याशिवाय पत्र देऊ नका. फोनवर पुन्हा धमकी आली तर आवाज न चढवता म्हणायचं, ‘आपलं म्हणणं लेखी कळवाल का?’ बहुतेक वेळा तिथे विषय संपतो. नोटीस आलीच तर तिच्यात नियमाचा क्रमांक आणि उत्तराची मुदत आहे का ते पाहा, आणि मुदतीत उत्तर द्या. एक आधार तुमच्या बाजूला आहे: तिरंदाजीची निवड गुणांवर होते. गुणपत्रिकेची प्रत प्रत्येक चाचणीनंतर त्याच दिवशी मागून घ्या.

प्रश्न : सरकार म्हणतं, खेळाडूवर दीड कोट खर्च केले. खेळाडू म्हणते, मला काहीच मिळालं नाही. यात खोटं कोण बोलतं?
(एक निवृत्त शिक्षक, फोंडा, गोवा)

उत्तर : बहुधा कुणीच नाही. तुम्ही गोव्याहून लिहिता, म्हणून तुमच्या ओळखीचंच उदाहरण घेऊ. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातली तनिषा क्रास्टो आणि अश्विनी पोनप्पा ही बॅडमिंटनची जोडी पॅरिस २०२४ ला गटातले तिन्ही सामने हरली. ३० जुलैला ऑस्ट्रेलियाच्या जोडीकडून १५-२१, १०-२१ असा शेवटचा पराभव झाल्यावर अश्विनीला रडू आवरलं नाही. हे आपलं शेवटचं ऑलिंपिक, मनाला हे पुन्हा झेपणार नाही, असं ती म्हणाली. लंडन २०१२ आणि रिओ २०१६ खेळलेली खेळाडू ती. पुढे दोन आठवड्यांत भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या कागदांतले आकडे बातम्यांत आले: तिच्या नावापुढे ‘टॉप्स’मधून साडेचार लाख आणि ‘एसीटीसी’मधून १ कोटी ४८ लाख. तिनं जाहीरपणे विचारलं, हे पैसे कुणी दिले, कशासाठी दिले? आपल्याला ते मिळालेले नाहीत, कित्येक स्पर्धा स्वतःच्या पैशानं खेळलो, आणि आपला प्रशिक्षक सोबत नेण्याची विनंतीही नाकारली गेली, असं तिनं सांगितलं.

हे दोन्ही कसं खरं असू शकतं, ते ‘एसीटीसी’ या शब्दात आहे. हा राष्ट्रीय महासंघाचा प्रशिक्षण आणि स्पर्धांचा वार्षिक आराखडा. त्याचे पैसे महासंघाच्या आराखड्यावर खर्च होतात: राष्ट्रीय शिबिराचा मुक्काम आणि जेवण, परदेशी प्रशिक्षकाचा पगार, संघाची विमानाची तिकिटं, साहित्य. शिबिरात वीस जण असतील तर खर्च वीस जणांत वाटून प्रत्येकाच्या नावापुढे मांडला जातो. खेळाडूच्या खात्यात त्यातलं काही येईलच असं नाही. ‘टॉप्स’ हे वेगळं खातं. सप्टेंबर २०१४ पासूनची ही योजना निवडक खेळाडूंसाठी आहे. त्यात मुख्य गटाला दरमहा ५० हजार आणि विकास गटाला २५ हजार हातखर्च मिळतो, आणि खेळाडूनं मागितलेलं साहित्य, परदेशी सराव वगैरे प्रस्ताव मंजूर झाले तर त्यांचा खर्चही होतो.

खेलो इंडियाचंही असंच. ‘वर्षाला खेळाडूमागे ६ लाख २८ हजार’ असं छापून येतं आणि शेजारीपाजारी म्हणतात, पोराला सहा लाख मिळतात. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, मुलाच्या हातात येतात. उरलेले ५ लाख ८ हजार प्रशिक्षण, निवास, आहार आणि स्पर्धांसाठी असतात. ते वाईट खर्च होतात असं नाही. पण ‘मिळाले’ आणि ‘खर्च झाले’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पॅरिसच्या तयारीवर देशाचे सुमारे ४७० कोटी खर्च झाले, त्यात तिरंदाजीचे ३९ कोटींच्या आसपास. या आकड्यांना खेळाडूंच्या संख्येनं भागून जे उत्तर येतं, ते कुणाच्याही बँकेच्या पासबुकात सापडणार नाही.

अशा वेळी खेळाडूला स्वतःची खर्चवहीच वाचवते. तारीख, स्पर्धा किंवा वस्तू, एकूण रक्कम, कुणी भरली, परत किती मिळाले, पावती क्रमांक: सहा रकाने पुरतात. पावती खेळाडूच्या नावाची हवी. विमानतळावरच्या जादा सामानाच्या, पेट्रोलच्या, हॉटेलच्या पावत्या उष्णतेवर छापणाऱ्या कागदाच्या असतात. सहा महिन्यांत शाई उडून कोरा कागद हातात राहतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. आणि कुणी ‘तुझ्यावर इतके खर्च केले’ म्हटलं, तर माहिती अधिकारात विचारता येतं. केंद्राचं अनुदान घेणारे महासंघ, क्रीडा प्राधिकरण, जिल्हा क्रीडा कार्यालय ही सगळी त्या कायद्याखाली येतात. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या कार्यालयांसाठी एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे. त्यामुळे ‘सगळा हिशेब द्या’ असं लिहू नका. ‘अमुक शिबिर, अमुक कालावधी, माझ्या नावे नोंदलेला खर्च, बाबनिहाय’ असं नेमकं विचारा.

प्रश्न : मुलगा राज्य विजेता तिरंदाज. मदतीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्ही परत आले. कंपन्या म्हणतात, व्यक्तीला पैसे देता येत नाहीत. मग द्यायचे कुणाला?
(एक पालक, सातारा)

उत्तर : कंपनीनं खोटं सांगितलेलं नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण कंपनी हे काम दुसऱ्यामार्फत करते तेव्हा पैसा नोंदणीकृत संस्थेकडेच जातो, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेकडे सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीचा) नोंदणी क्रमांक असावा लागतो. म्हणून आधी अशी संस्था शोधा: तालुक्यातलं क्रीडा मंडळ, शिक्षणसंस्था, अकादमी चालवणारा न्यास. १२ए आणि ८०जी हे करसवलतीचे कागद आणि सीएसआर-१, असे तिन्ही आहेत का, ते विचारा. संस्थेशी साधा लेखी करार करा, की अमुक रकमेतून अमुक वस्तू या खेळाडूसाठी घेतल्या जातील. नव्या आर्थिक वर्षाचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्येच प्रस्ताव टेबलावर हवा.

अर्ज परत येण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा अर्जातच असतं. ‘मुलगा होतकरू आहे, परिस्थिती हलाखीची आहे, सहकार्य करावे’ असा अर्ज वाचणाऱ्याला काय द्यायचं तेच कळत नाही. एका पानावर लिहा: प्रकार, जन्मतारीख, शेवटच्या तीन अधिकृत स्पर्धांचे गुण तारखेसह, निकालपत्रकाची प्रत जोडून. पुढे अडथळा एका वाक्यात. त्यापुढे नेमकी मागणी.

रिकर्व्हचा स्पर्धेच्या दर्जाचा पूर्ण संच साधारण अडीच ते साडेतीन लाखांत जातो. एकदम तेवढं मागू नका, तुकडे करा. रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) दहा वर्षंही टिकतो, साईट (नेम धरायचं साधन) आणि स्टॅबिलायझरही (तोल सांभाळणारे दांडे) टिकतात, ते जुने चालतात. लिंब ताकद वाढेल तशी बदलावी लागतात. वाढत्या मुलासाठी भारी लिंब घेणं हा पैशांचा सर्वांत मोठा अपव्यय: वर्षभरात ती कामाची राहत नाहीत, आणि झेपण्यापलीकडचा ताण घेतला की खांदा दुखावतो तो वेगळा. बाण मात्र संपणारी वस्तू आहे. चांगल्या डझनाची किंमत टोकं, नॉक, वेनसह पन्नास हजारांच्या घरात जाते, आणि नियमित सराव करणाऱ्याला वर्षाला निदान एक, शक्यतो दोन डझन लागतात. सरावाला जुने, स्पर्धेला नवे. म्हणून मागणी अशी करा: ‘बाण दोन डझन, तीन विक्रेत्यांची दरपत्रकं सोबत, राष्ट्रीय स्पर्धेच्या तीन महिने आधी हवेत.’ तीन महिने अशासाठी, की नवे बाण धनुष्याशी जुळवायला तीन-चार आठवडे जातात. स्पर्धेच्या आठवड्यात आलेली मदत त्या स्पर्धेला उपयोगाची नसते. देणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तर खेळाडूंसाठीच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय कल्याण निधीत दुखापतीसाठी आणि साहित्य, प्रशिक्षणासाठीही अर्ज करता येतो. गीत सेठी आणि प्रकाश पदुकोण यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट आंतरराष्ट्रीय पातळीच्या जवळ पोचलेल्या खेळाडूंना हात देते. राज्य विजेतेपदावर तिथे पोचणं कठीण. तुमच्या पायरीवर खरा आधार जवळचाच असतो: नागरी बँक, साखर कारखाना, पतसंस्था. आणि दूरचा विचार करायचा तर नोकरी. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकला तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. कोटींची बक्षिसं पदकानंतर जाहीर होतात. पदकाआधीची दहा-बारा वर्षं दरमहा येणाऱ्या पगारानंच निघतात. रेल्वे, सैन्य, पोलीस आणि राज्य शासनाचं खेळाडूंसाठीचं ५ टक्के आरक्षण यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि क्रीडा प्रमाणपत्रांची विभागीय कार्यालयातली पडताळणी आजच सुरू करा. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

प्रश्न : मुलगी पिस्तूल नेमबाज. हरल्यापासून हात थरथरतो, म्हणून आमच्या डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉलच्या गोळ्या दिल्या. थरथर थांबली आहे. चालू ठेवाव्या का?
(एक वडील, सांगली)

उत्तर : आजच डॉक्टरांना फोन करा. प्रोप्रानोलॉल बीटा-ब्लॉकर गटातलं औषध आहे. नेमबाजी आणि तिरंदाजीत हा गट स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, वर्षभर प्रतिबंधित आहे, कारण त्यानं हात स्थिर राहतो. नमुन्यात सापडलं तर ‘डॉक्टरांनी दिलं होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही. मात्र रोज घेत असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा उतरवत न्या. ते औषध हृदयासाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी खरंच लागत असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज नाडाकडे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे) स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा लागतो. पण नुसत्या थरथरीसाठी ती सवलत मिळण्याची आशा धरू नका.

यावरून ‘मनाची औषधं म्हणजे डोपिंग’ असा समज कृपया करून घेऊ नका. नैराश्यावर आणि चिंतेवर नेहमी दिली जाणारी सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधं प्रतिबंधित यादीत नाहीत. बंदीच्या भीतीनं उपचारच टाळणारे खेळाडू आहेत, आणि ते जास्त धोक्याचं आहे. प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांना ‘नेमबाज, डोपिंग चाचणी होते’ असं लिहायला सांगा आणि औषध घेण्याआधी नाडाच्या संकेतस्थळावर नाव तपासा.

प्रश्न : गावानं वर्गणी काढून साडेचार लाख जमवले आणि मला परदेशातल्या स्पर्धेला पाठवलं. पहिल्याच फेरीत हरलो. समोरचा फायनलला गेला नाही म्हणून रेपेचाजही (हरलेल्याला कांस्यासाठी मिळणारी दुसरी संधी) मिळालं नाही. तीन आठवडे झाले, तालमीत गेलो नाही, गावात तोंड दाखवायची लाज वाटते.
(एक मल्ल, २३, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : पैलवान, आधी शरीराचं बघा. वजन उतरवून खेळलात ना? पाणी तोडून, जेवण तोडून चार-पाच किलो उतरवलेल्या शरीराला सावरायला वेळ लागतो, आणि तोवर मनही खालीच राहतं. त्यात हार. खुराक पूर्ववत करा, आठ तास झोपा. एवढ्यानं निम्मी उदासी उतरते असा कुस्तीतला अनुभव आहे. तालमीत पहिला आठवडा नुसते जोर-बैठका आणि माती उकरणं, लढत नको.

आता वर्गणी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले आणि सहावे आले. मॅटवरची कुस्ती त्यांना त्याआधी माहीत नव्हती. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले, आणि गोळेश्वरच्या मल्लानं कांस्यपदक आणलं. पहिल्यांदा सहावा आलेल्या माणसाला लोकांनी दुसऱ्यांदा पैसे दिले, हे लक्षात घ्या. गाव पदक विकत घेत नाही, आपला माणूस पाठवतो. पण गावाला दोन गोष्टी हव्या असतात: माणूस समोर यावा आणि हिशेब दिसावा.

तेव्हा येत्या आठवड्यात वस्तादांना सोबत घेऊन तालमीत लोकांना बोलवा. तीन-चार मिनिटांहून जास्त बोलू नका. कुणाशी लढलो, किती गुणांनी हरलो, कुठल्या डावावर गेलो, आणि त्यावर आता काय सराव करणार, एवढंच. माफी मागू नका, पुढच्या वेळचं पदकही कबूल करू नका. कबूल केलेलं पदक पुढच्या लढतीत मानेवर बसतं. रडू आलं तर येऊ द्या, तालमीला ते नवं नाही. मग हिशेबाचा कागद तालमीच्या फळ्यावर लावा: व्हिसा, विमान, मुक्काम, प्रवेश शुल्क, जेवण, प्रत्येकाची रक्कम आणि पावती. कमी पडलेले घरून घातले असतील तर तेही लिहा.

पैसे उरले असतील तर ते स्वतःकडे ठेवू नका आणि घाईनं घरोघरी परतही करू नका. तालमीच्या किंवा मंडळाच्या नावानं दोन सह्यांचं वेगळं खातं उघडून त्यात भरा, एक सही वस्तादांची आणि दुसरी वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणाची तरी. तुमची सही त्यात नको. पुढच्या वेळी तुम्हाला किंवा तुमच्या मागून येणाऱ्या पोराला पैसे लागतील, तेव्हा ते त्याच खात्यातून, लेखी अर्ज करून मागा.